दोन इंच

खडेबाजारात नऊ फूट रुंदीचा गाळा.
एका अंगाला भांड्यांचं दुकान, दुसऱ्या अंगाला नाड्या-रिबिनी.
चौसष्ट साली दामूअण्णा कालकुंद्रीकरांनी
तिथं रेडिओचं शोरूम काढायचं ठरवलं
आणि मडगावहून फुर्ताद नावाचा आर्किटेक्ट बोलावला.
लोंढ्याला गाडी बदलून तो आला,
कॉलरवर कोळशाची काजळी, काखेत कागदांची गुंडाळी.
पहिला दिवसभर काही बोलला नाही,
स्टुलावर बसून नुसता रस्ता ऐकत राहिला.

मी सतरा वर्षांचा. मागच्या खोलीत
वाल्व बदलायला नुकता लागलेला,
म्हणून ठाऊक आहे, आधी त्यानं काय काढून टाकलं.
काउंटर.
अण्णा म्हणाले, मग गल्ला काय डोक्यावर ठेवू?
तो म्हणाला, गिऱ्हाईक आणि आवाज यांच्यामधे
मला तुमचं पोट नको.

दांडेलीचा सागवान आला.
मोनाप्पा बडिगेर आणि गोपाळ सुतार,
आडनाव एकच, भाषा दोन.
दोघांत मिळून एक पेन्सिल,
आणि भांडण रंध्यावरून, बाकी कशावरून नाही.
एकवीस कोनाडे, प्रत्येकात एकच रेडिओ,
उंची उभ्या माणसाच्या डोळ्याला धरून नव्हे,
बाकावर बसलेल्याच्या कानाला धरून.
डावी भिंत उघड्या जांभ्याची. गिलावा नाही, चुना नाही.
अण्णांचे सासरे नंदगडाहून बघायला आले,
भिंतीवर हात फिरवला, जावयाला बाजूला घेतलं:
पैसे कमी पडले का हो?
फुर्ताद म्हणाला, चिरा आवाज पितो,
गिलावा तोंडावर फेकतो.

आणि दाराच्या आत दोन इंचांची उतरण.
नकाशावर ती साधी रेघ होती.
अण्णांनी ती तीनदा खोडली,
चौथ्यांदा त्यानं शाईनं काढली.
पाऊल उतरलं की आवाज उतरतो,
एवढंच.

मला ते थोतांड वाटलं होतं.
पण मच्छेचे पैलवान, कॅम्पातले सुभेदार,
गोकाकच्या गिरणीतले जॉबर,
भाजीची पाटी रिकामी करून आलेल्या बाया,
रस्त्यावर ओरडत यायचे
आणि आत पाय पडला की
शेजारी बाळ निजल्यासारखं बोलायचे.
एक म्हणायचा धारवाड लावा, दुसरा म्हणायचा सांगली.
तबकडीवर दोन्हींच्या मधे अडीच बोटं,
त्या अडीच बोटांत खरखर.
ती मी पुष्कळ ऐकलीय, पोटच भरलं तिच्यावर.
कधी कधी तिच्यातही कुणीतरी बोलत असतं,
कुठली भाषा ते कळायच्या आत जातं.

एकदा दगड आला. दर्शनी काच गेली.
कुठल्या बाजूचा, विचारू नका.
उचलून बघितला, जांभाच होता.
अण्णांनी तो बरेच दिवस पावत्यांवर ठेवला.

फुर्ताद परत आला नाही. पंधरा वर्षांनी
एक कार्ड आलं, त्यात एकच प्रश्न:
उतरण आहे ना?
अण्णांनी लिहिलं, आहे.
तेव्हा होती.

मग टीव्ही आले, कोनाड्यांत मावेनात.
अण्णा गेले. गाळा भाड्यानं गेला, पुन्हा गेला.
आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात,
चिऱ्यावर पांढरे पत्रे, पत्र्यांवर आरसे.
सागवान कुठं गेला माहीत नाही.
एक फळी मी मागून आणली होती,
तिच्या पाठीवर मापं आहेत,
अर्धी कानडी आकड्यांत, अर्धी आपल्या.
बेरीज बरोबर येते.

परवा चार्जर घ्यायला गेलो.
फरशी भरून घेतलीय, रस्त्याशी एकसारखी.
पाय सवयीनं खाली गेला
आणि जमीन आधीच आली.
टाचेपासून दातापर्यंत आपटलं.
पोरगा ओरडला, आजोबा, सावकाश, सपाट आहे सगळं!
मी काय हवं ते सांगितलं.
काय? तो म्हणाला.
जोरात बोला.